शिरक्याच्या वखारीतला डबा

श्वांगशू गावात शिरक्याचा वास कुणालाच येत नाही. तेल्याच्या घरात तेलाचा वास येतो का कुणाला? ज्वारी आंबवायची, भट्टीवर खरपूस करायची, गाळून रांजणात भरायची आणि वर्षभर उन्हाथंडीत मुरू द्यायची, हा गावाचा पिढीजात धंदा. शेवयांवर आंबट शिरका, राळ्याच्या पेजेबरोबर शिरक्यात मुरवलेला मुळा, पोट दुखलं की घोटभर शिरका. आणि साथ आली की पातेल्यात शिरका उकळून घरभर वाफ फिरवायची. वाफेनं कीड मरते, बुरशी धरत नाही, रोगराई उंबऱ्याबाहेर राहते असं गाव मानतं. त्यावर शंका घेणारा अजून गावात जन्मला नाही.

त्यामुळं हाओ रुईलानच्या रिळांच्या खोलीत मरण शिरलं, तेव्हा त्याचा वास कुणाला आला नाही यात नवल नव्हतं.

रुईलान एकोणसत्तर वर्षांची. बुटकी, रुंद खांद्याची, चालताना डावीकडं कलणारी. ते कलणं जन्माचं नव्हे. सतराव्या वर्षापासून डाव्या खांद्यावर प्रोजेक्टरची पेटी वाहिली, त्याची ती खूण. त्या काळी तालुक्यानं तीन पोरींचं सिनेमापथक उभं केलं होतं. एक यंत्र चालवायची, दुसरी सायकलीसारखे पायडल मारून वीज काढायची, आणि तिसरी खेळाआधी बांबूच्या चिपळ्या वाजवत गावच्या भानगडी कवनात सांगायची: कुणी सार्वजनिक खत परसात नेलं, कुणाची सून सासूवर डाफरली. तिघींत मिळून एक खेचर. डोंगरातली बेचाळीस गावं, प्रत्येक गावाला महिन्यातून एक फेरी. रुईलान यंत्रावर होती. तिचं लग्न एकदा ठरलं होतं. नवरामुलगा म्हणाला, आता घरी बस. ती म्हणाली, मग खेचर कोण हाकणार? तिथंच ते मोडलं, आणि तिला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

लोकांना लढाईचे सिनेमे आवडायचे. पण सगळ्यात जास्त वेळा दाखवलेलं रीळ होतं डुकरांना लस कशी टोचावी याचं. अकरा मिनिटांचं. प्रत्येक खेळाआधी ते दाखवलंच पाहिजे असा वरून हुकूम होता. "डुकराचा डावा कान धरावा, कानामागची जागा पुसून घ्यावी" हे निवेदन तिला झोपेतही म्हणता येई, आणि गावातली पोरं ते शाळेतल्या कवितेसारखं घोकत.

पुढं घरोघर टीव्ही आले, पथक मोडलं, खेचर मेलं. रुईलाननं भंगारवाल्यांच्या मागं फिरून यंत्रं गोळा केली. कुणी प्रोजेक्टरच्या पेटीत कोंबड्या कोंडल्या होत्या, कुणी पडद्याचं गोधड्यांना अस्तर लावलं होतं. गावानं तिला शिरक्याची जुनी बंद पडलेली वखार फुकट दिली. चौदा यंत्रं, तीनशे बारा रिळं, काचेवर रंगवलेली चित्रं, चिपळ्या, भोकं पडलेला पडदा, सगळं तिनं तिथं मांडलं आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: खेड्यातल्या सिनेमाचं संग्रहालय. शाळेची पोरं यायची, साहेब लोक यायचे, पाटीपाशी उभं राहून फोटो काढायचे आणि जायचे.

पण या सगळ्या पसाऱ्याचा जीव एका डब्यात होता.

गावाच्या वर धरण आहे. पन्नास वर्षांमागं त्याचा बांध घालायचं काम चाललं होतं, तेव्हा तालुक्याहून एक कॅमेरावाला आला आणि कामावरच्या माणसांचं अकरा मिनिटांचं रीळ करून गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी पावसानं भिजलेला भराव खचला आणि नऊ माणसं खाली गेली. सहा सापडली. तीन शेवटपर्यंत सापडली नाहीत. त्या तिघांतला एक यान मानछांग, वय चौतीस. बायको पाच महिन्यांची पोटुशी. त्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. घरच्यांनी पेटीत त्याचे कपडे घातले, टोपी घातली आणि ती रिकामी पेटी पुरली.

मग वरून निरोप आला, ते धरणाचं रीळ दाखवायचं नाही, परत पाठवा. रुईलाननं डबा परत पाठवला. आत तुटक्या फिल्मचे निरुपयोगी तुकडे गुंडाळून भरले होते. वरची चिठ्ठी मात्र झोकात लिहिली होती. कुणीही डबा उघडला नाही. एकोणीस वर्षांच्या त्या पोरीनं त्या दिवशी एक गोष्ट गाठीला बांधली. माणूस डब्यावरची चिठ्ठी वाचतो, डबा उघडत नाही.

दिवस पालटले तशी ती ते रीळ दाखवू लागली. दर वसंतात, थडगी झाडायच्या सणाला, तिन्हीसांजेला, वखारीच्या अंगणात. पुढं नऊ रिकामी स्टुलं मांडायची, ती गेलेल्यांची. मागं त्यांची माणसं. आठव्या मिनिटाला एक खेचर पडद्यावरून जायचं आणि त्याच्यामागं खांद्यावर कावड घेतलेला मानछांग यायचा. सात सेकंद. कॅमेऱ्याकडं बघायचा, काहीतरी बोलायचा, निघून जायचा. रीळ मुकं होतं. तो काय बोलला यावर त्याच्या बायकोनं, आताच्या यान म्हातारीनं, तीस वर्षं विचार केला. कधी म्हणे "पाणी दे" म्हणतोय, कधी म्हणे "सरक तिकडं". तिचा मुलगा शुआनचू. आधीची दोन पोरं गेली, हा तरी राहावा म्हणून त्याचं नाव 'बांधून ठेवलेला' अशा अर्थाचं ठेवलेलं. बाप त्यानं बघितला तो तेवढाच, सात सेकंदांचा.

अकरा वर्षांपूर्वी दाखवताना रीळ दोन जागी तुटलं. रुईलाननं ते जोडलं, डब्यात घातलं, झाकणाच्या कडेनं मेण ओतलं आणि सांगितलं, आता बास. यंत्रातून एकदा फिरलं की थोडं झिजतं. हे आता इतिहासाचं झालं. मोबाईलवर चित्र काढून ठेवू का, असं शुआनचूनं विचारलं तर त्यालाही नको म्हणाली. खिशात चित्र आलं की वखारीत कोण येतंय?

तेव्हापासून दर वसंतात म्हातारी काठी टेकत यायची.

"रुईलान, आवंदा तरी लावतीस का?"

"वहिनी, जपाय पायजे त्याला. पन्नासावं साल हू द्या, मग लावू."

"पन्नासाव्या साली म्या असंन का?"

"तुम्ही आमाला सगळ्यांना पोचवून जाल."

"जपून जपून तू लोणचं घाल त्याचं," असं म्हणून म्हातारी परत जायची.

आणि रुईलान खरंच जपत होती. दर हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, गावात घरोघरी शिरक्याची वाफ फिरते. त्या दिवशी ती रिळांच्या खोलीत शेगडी ठेवायची, वर पातेलं, पातेल्यात दोन वर्षं मुरलेला काळाभोर शिरका. दारंखिडक्या बंद. डबे मांडणीवर ओळीनं, झाकणं थोडी किलकिली करून, म्हणजे वाफ आत पोचावी. फक्त मेण लावलेला डबा बंद असे. तो तिनं शेगडीच्या अगदी जवळ ठेवलेला. सबंध दिवस ती तिथंच बसून राहायची, डोळे चुरचुरेपर्यंत. बावीस हिवाळे तिनं हे केलं. स्वतःच्या घरात एखाद्या वर्षी चुकलं असेल, वखारीत कधी नाही.

पन्नासावं साल उजाडायच्या आधी खुणा दिसायला लागल्या होत्या. वखारीच्या आढ्याला दर साली चिमण्या घरटं करत, त्या आल्या नाहीत. यंत्रांच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्या कडेनं तपकिरी होऊन हाताला लागताच चुरायला लागल्या. एकदा डुकरांचं रीळ काढायला गेली तर ते गुंडाळीतून सुटेना. चिकटून भाकरीच्या चवडीसारखं एक झालेलं. तिनं ते खाली ठेवलं आणि झाकण लावून टाकलं. म्हातारं झालंय, म्हणाली. आपणही झालोच की. त्या हिवाळ्यात तिनं एकाऐवजी दोन पातेली ठेवली.

फाल्गुनाच्या अखेरीस शहरातून ओउयांग नावाचा माणूस आला. जुन्या फिल्म सांभाळणाऱ्या खात्यातला, मूळचा पार दक्षिणेकडचा, जिथं भातावर शिरका घालत नाहीत. चाळिशीचा, काटकुळा, बोलायला मऊ. वखारीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो थांबला. नाकपुड्या हलल्या.

"हाओ बाई, इथं कसला वास येतोय?"

"कसला?"

"आंबूस. फार आंबूस."

"शिरक्याची वखार हाय ही. बापजन्मात दुसरा कसला येणार?"

"वखार बंद होऊन किती वर्षं झाली?"

"बावीस."

तो मांडणीपाशी गेला, एक डबा उघडला, वाकून वास घेतला, दुसरा उघडला. मग पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या. बोटभर लांब, निळ्या. प्रत्येक डब्यात एकेक टाकत गेला. रुईलाननं मेण खरवडून धरणाचा डबा उघडून दिला, त्यातही एक टाकली.

"ह्यानं काय व्हतं?"

"उद्या सकाळी बघू. निळी राहिली तर बरं. हिरवी झाली तर आजारी आहे. पिवळी झाली तर..." त्यानं पिशवीचं तोंड आवळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खोलीत गेली. पहिला डबा: पिवळी. दुसरा: पिवळी. तिसरा हिरवट. मग पिवळी, पिवळी, पिवळी. ओउयांग मोजत होता, तो तिसाव्या डब्यापाशी मोजायचा थांबला. धरणाच्या डब्यातली पट्टी पिकल्या केळासारखी पिवळी होती. त्यानं रीळ उचललं. बाहेरचे वेढे ठिसूळ, मुडपलेले. आतले एकमेकांना डसलेले.

"ही फिल्म कुजते तेव्हा तिच्यातून शिरका सुटतो," तो म्हणाला. "आणि त्या वाफेनं शेजारची कुजते. एकीपासून दुसरीला लागण. थंड आणि मोकळ्या हवेत ठेवावी लागते. बाई, इथं आणखी कशाची वाफ यायची का?"

रुईलान कोपऱ्यातल्या शेगडीकडं बघत राहिली. वर दोन पातेली होती, घासून पालथी घातलेली.

"म्या दिली," ती म्हणाली.

ओउयांगला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो खाली मान घालून पट्ट्या गोळा करू लागला.

श्वांगशूत बातमीला पाय लागत नाहीत, ती आपोआप घरंगळते. दुपारच्या आत यान म्हातारी शुआनचूच्या तीनचाकी गाडीत मागं बसून आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांत फूल पडायला लागलेलं. उतरायच्या आधीच बोलली.

"नासलं म्हनं?"

"वहिनी, हे साहेब शहरात नेत्याल. तिथं वेढा वेढा सोडवून चित्रं काढत्यात."

"किती दिस?"

ओउयांग म्हणाला, "चार महिने. सहाही लागतील. आणि निघेलच असं नाही, आजी."

"आनि हितं लावलं तर?"

"यंत्रात घातलं तर तुटेल. कडेची भोकं आखडली आहेत, दात्यांत बसणार नाहीत. जे आहे तेही जाईल."

म्हातारीनं काठी रुईलानच्या पायाजवळ आपटली. "आकरा वर्सं म्या मागत हुते. आकरा वर्सं तू म्हनलीस झिजंल. झिजू द्यायचं हुतंस की गं. झिजलं आसतं तर आमच्या डोळ्यांनी झिजलं आसतं."



"आय, चल घरला," शुआनचू म्हणाला.

"तू गप. ह्या म्हैन्यात सन हाय. लाव, रुईलान. माजं डोळं आज हायत, सा म्हैन्यानं न्हाईत."

ओउयांगनं नाही नाही म्हणून हात जोडले. पण ते रीळ त्याचं नव्हतं आणि मेलेली माणसंही त्याची नव्हती. सणाच्या दिवशी तिन्हीसांजेला रुईलाननं पडदा बांधला, नऊ स्टुलं मांडली आणि सगळ्यात ढिल्या दात्यांचं जुनं यंत्र बाहेर काढलं. ओउयांगनं नाइलाजानं मोबाईल उभा करून ठेवला, जेवढं पडद्यावर येईल तेवढं धरून ठेवायला. चौतीस माणसं आली. नेहमी पोरांना भाजलेली बडीशेप घातलेल्या भाकऱ्या वाटायची रीत होती, त्या कुणी आणल्या नव्हत्या.

यंत्र लागलं. पडद्यावर डोंगर आला, निशाण आलं, टोपल्या वाहणाऱ्या बायकांची रांग आली. चित्र थरथरत होतं. दात्यांपाशी फिल्म कडकड बोलत होती आणि रुईलान दोन बोटांनी ती दाबून पुढं सरकवत होती. तिच्या पायांशी पांढरा कोंडा पडत होता. दुसऱ्या मिनिटाला मागून एक माणूस म्हणाला, "बा." चौथ्या मिनिटाला आणखी कुणीतरी हुंकार दिला. नऊ जणांतले चार येऊन गेले. सहाव्या मिनिटाला पडदा एकदम पांढरा झाला. रुईलाननं यंत्र बंद केलं, तुटलेलं टोक धरून ओढलं, आणि ते आलं नाही. आतलं सगळं रीळ एक दगड झालं होतं. चाकाएवढा, काळपट, जड.

"आता?" म्हातारी अंधूक डोळे पडद्यावर लावून बसली होती. "खेचर आलं न्हाई आजून."

"न्हाई यायचं, वहिनी. चिकाटलंय."

"कुटं हाय त्यो?"

रुईलाननं तो गोळा तिच्या मांडीवर ठेवला. "ह्यात."

म्हातारीनं त्याच्यावरून हात फिरवला, नाकाशी नेला. 

"ह्यो मला दे," ती म्हणाली. "शेरात नगं, कुटं नगं. पन्नास वर्सं टोपी पुरून ठिवलीया म्या. माजी पेटी तिच्याशेजारी जायाची, टोपीशेजारी. मानूस म्हनून कायतरी आसूं दे. म्या मेल्यावर ह्यो माज्या छातीवर ठिवा, आनि दोगास्नी एका खड्ड्यात घाला."

अंगणात सगळे ऐकत होते. शुआनचूनं मान खाली घातली. त्या मुलखात नवराबायको एका खड्ड्यात गेली नाहीत तर मागच्यांच्या डोक्याला शांतता नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"देते," रुईलान म्हणाली. "डब्यात घालून, मेण लावून उद्या आणून देते."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. पहाटे उठली तेव्हाही तिचं मन तेच होतं. चूल पेटवली, मेण वितळवायला ठेवलं, गोळा उचलला. मग तिला वाटलं, ह्यात तो आहे. सात सेकंद आहेत. मातीत घातले की गेले. शहरात कदाचित निघतील. चार महिने म्हणाला. म्हातारीला पक्ष्याएवढी भूक असली तरी काठीला जोर आहे, चार महिने ती काढील. मग चेहरा हातात ठेवीन आणि सांगीन, वहिनी, मी अशी अशी खोटी बोलले, आता काय जोडे मारायचे ते मारा.

तिनं मांडणीवरून दुसरा गोळा काढला. जरा मोठा, पण तसाच काळपट, तसाच जड. डुकरांच्या लशीचा.

ओउयांग गाडीत सामान भरत होता. तिनं धरणाचा गोळा फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला.

"पण आजी..."

"रातीत मन फिरलं त्यांचं. न्या म्हनाल्या."

त्याचा चेहरा उजळला. भला माणूस होता. चुकूनही पुन्हा विचारलं नाही.

दिवस वर आल्यावर रुईलान डबा घेऊन यानांच्या घरी गेली. डोंगरात कोरलेलं घर, आत खाली विस्तव घातलेला रुंद ओटा, त्यावर म्हातारी. तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला, मेणावरून नख फिरवलं.

"त्योच हाय न्हवं?"

"चिठ्ठी हाय की वर. वाचा."

"मला कुटं वाचाय येतंय? तू वाच."

रुईलाननं वाचलं. "यान मानछांग. धरणाचं काम. आठवं मिनिट."

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. शुआनचूची बायको राळ्याची पेज घेऊन आली, तिनंही चिठ्ठीवर एकदा नजर टाकून मान डोलावली. म्हातारीनं डबा उशाशी ठेवला. त्या दिवसापासून ती त्याला डोकं लावून झोपायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ह्याच्या आंगाला शिरक्याचा वास येतो, जित्तेपणी यायचा तसाच.

रुईलान महिन्यातून दोनदा शहरात फोन लावायची. काम चालू आहे, ओउयांग म्हणायचा. घाई करता येत नाही. एक वेढा सुटायला आठवडा जातो.

म्हातारी चार महिने जगली नाही. ज्येष्ठात, ऐन उन्हाळ्यात, तीन दिवस पाणी घेतलं नाही आणि चौथ्या दिवशी गेली. जुनी रिकामी पेटी शेजारी येईल असा खड्डा खणला होता. शुआनचूनं डबा आपल्या हातानं आईच्या छातीवर ठेवला, तिचे हात त्यावर आणून जुळवले. झाकण लावायच्या आधी तो रुईलानकडं वळला. पन्नाशीला टेकलेला माणूस, बापापेक्षा सोळा वर्षांनी मोठा.

"आत्या, तुज्यामुळं बा घरला आला," तो म्हणाला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढं गुडघे टेकून कपाळ मातीला लावलं.

तेव्हा बोलली असती तर खड्डा उघडा होता. रुईलाननं तोंड उघडलंही. पण वाकून तिनं शुआनचूला फक्त उठवलं. माणसांनी फावडी उचलली.

त्या मुलखात एकदा मिटलेली माती उकरत नाहीत. उकरणाऱ्याच्या घरात तीन पिढ्या पोर जगत नाही म्हणतात.

ज्वारी कापायला आली तेव्हा तिच्या मोबाईलवर चित्र आलं. खाली ओउयांगनं लिहिलं होतं: "बाई, निघाला. पूर्ण सात सेकंद नाहीत, पण एकवीस चित्रं शाबूत आहेत. हे सगळ्यात स्वच्छ."

खांद्यावर कावड, कपाळाला फडकं, दातांत फट. तो थेट बघत होता. इतका स्वच्छ मानछांग पडद्यावर कधीच दिसला नव्हता. शुआनचूच्या दातांतही तीच फट आहे हे रुईलानला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ती कितीतरी वेळ ते बघत बसली. मग तालुक्याला जाऊन त्याची कागदावर प्रत काढून आणली, एका रिकाम्या डब्यात उलटी ठेवली, झाकण लावलं आणि मेण ओतलं. वर चिठ्ठी लावली: डुकरांची लस. मांडणीवर डबा तिथंच ठेवला, जिथं आधीचा होता. ओउयांगचे फोन घ्यायचं बंद केलं. हिवाळ्यातल्या त्या लहान दिवशी गावात घरोघरी पातेली चढली. वखारीत शेगडी पेटली नाही. शेजारीण विचारायला आली तर रुईलान म्हणाली, कंबर धरलीया. तिला आता वास यायला लागला होता. अंथरुणाला यायचा, पेजेला यायचा, स्वतःच्या बोटांना यायचा.

पुढच्या वसंतात, सणाच्या सकाळी, मोबाईलवर ओउयांगचा निरोप दिसला. रात्री उशिरा पाठवलेला.

"बाई, फोन लागत नाही म्हणून लिहितो. आमच्या खात्यानं मानछांगचं चित्र भिंतीएवढं करून काचेत बसवलं आहे. संग्रहालयाला भेट. आजी गेल्याचं ऐकलं, फार वाईट वाटलं. त्यांनीच ते शहरात द्यायचं मोठं मन केलं, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. सकाळी निघतोय."

तिनं तीनदा फोन लावला. डोंगरात त्याचा फोन लागत नव्हता.

वखारीचं अंगण झाडून झालं होतं. नऊ स्टुलं मांडलेली होती. थडगी झाडून माणसं परस्पर इकडंच यायला लागली होती, कुणाच्या हातात कागदाची फुलं, कुणाच्या हातात झाडू तसाच. शुआनचू सगळ्यात आधी आला. आईबापाच्या खड्ड्यावर नवी माती घालून आला होता, बुटांना ती लागलेली. बायकोनं शिरक्यात मुरवलेले मुळे पाठवले होते, ते त्यानं रुईलानपुढं ठेवले.

"खा आत्या. हिवाळ्यापासनं निम्मी झालीस."

"शुआनचू," ती म्हणाली. "तुज्याशी एक बोलायचं हाय."

"बोल की."

धरणाच्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज झाला. सगळ्यांनी माना वळवल्या. पांढरी मालगाडी वळणावरून खाली येत होती. मागं काहीतरी रुंद, सपाट, उभं बांधलेलं, वर हिरवी ताडपत्री. वाऱ्यानं ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडत होता.

गाडी अंगणात थांबली. ओउयांग उतरला आणि रुईलानकडं बघून दोन्ही हात हलवले.

"आरं बाबा," शुआनचू उठला. "एवडं मोठ्ठं काय आणलंय साहेबानं?"

तो गाडीकडं चालत गेला, दोराची गाठ सोडायला.